मावशी, पुन्हा एकदा

आमच्या वस्तीतला एक पोरगा कॉलेजात रेडिओ, टीव्ही आणि सिनेमा शिकतोय. चळवळीतला आहे, मोर्चात पुढे असतो. परीक्षेसाठी त्याला दहा मिनिटांचा माहितीपट करायचा होता. विषय त्यानंच घेतला : गटारात उतरून गुदमरून मेलेला माणूस. हातानं मैला काढायला बंदी करणारा कायदा २०१३ चा, आणि माणसं अजून उतरतायत. मेलेल्याची आई आमच्याच गल्लीत राहते. मी पाळी संपवून आलो होतो, म्हणून माइक धरायला गेलो.

मावशी बोलल्या. बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. पोरगा कॅमेऱ्यामागून म्हणाला, "मावशी, पुन्हा एकदा. तोंडावर उजेड नव्हता."

मावशींनी पदर सारखा केला, दाराकडं तोंड केलं आणि पुन्हा रडल्या.

मित्रांनो, तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. त्यानं चुकीचं केलं का? आणि मी माइक धरून उभा होतो, माझं काय?

सोपं उत्तर आपल्याकडं तयार असतं. पोरगं कॉलेजनं बिघडवलं. हे शिक्षण म्हंजे जाहिरातवाल्यांची चाकरी, चळवळीशी दगा. बैठकीत एकजण असं बोललासुद्धा. मला हे बिलकुल पटत नाही. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा 'केसरी'नं पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायचं नाकारलं होतं. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला शब्द जात नाही, हे बाबासाहेबांना तेव्हाच कळलेलं. पुढं १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० ला 'जनता'. आज तो छापखाना कॅमेऱ्यात, माइकमध्ये आणि संकलनाच्या टेबलावर आहे. तो आपण शिकायचा नाही तर कुणी शिकायचा?

त्याच पोरानं मला एक गोष्ट सांगितली, ती त्याच्या वर्गात शिकवतात. शंभरएक वर्षांपूर्वी रशियात कुलेशॉव नावाच्या माणसानं एक प्रयोग केला. एका नटाचा कोरा चेहरा घेतला. त्याच्या शेजारी एकदा सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा बाई. चेहरा तोच. पण बघणाऱ्याला एकदा भूक दिसली, एकदा दुःख, एकदा वासना. म्हंजे चेहरा स्वतः काही बोलत नाही. शेजारी काय सांधलंय त्यावर सगळं. मी गिरणीत तुटलेला धागा सांधतो, मला हे लगेच कळलं.

आता आपला चेहरा आठवा. शंभर वर्षं तो कशाशेजारी सांधला गेला? झाडूशेजारी, प्रेताशेजारी, मतदानाच्या रांगेशेजारी. १९३६ चा 'अछूत कन्या' : देविका राणी अछूत पोरगी झालेली, आणि शेवटी ती रेल्वेखाली मरते. १९८१ साली सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला. मी त्याची नालस्ती करत नाही, इमानदार सिनेमा आहे. पण तिथंही ओम पुरीचा दुखी लाकूड फोडता फोडता मरतो आणि त्याचं प्रेत दोरीनं ओढत नेतात. दोन्हीत पंचेचाळीस वर्षं गेली. आपण मेलो आणि बघणारा हळहळला, एवढंच.

मग नागराज मंजुळे. पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. हा माणूस तिथं नाही, अहमदनगरच्या कॉलेजात शिकला. (आता त्या शहराचं नाव अहिल्यानगर.) तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून 'पिस्तुल्या' केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि २०१३ चा 'फँड्री'. डुक्कर बांबूला टांगून घरची माणसं शाळेच्या भिंतीपुढून जातात, भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई. तिथं सांधायची गरजच उरली नाही, सगळं एकाच चौकटीत. शेवटी जब्या दगड मारतो तो थेट कॅमेऱ्यावर येतो.

कॅमेरा आपल्या हातात आहे म्हणून तो दगड आपल्याला चुकला का? मावशींच्या हातात दगड नव्हता, आणि त्यांनी आमच्यावर उचललाही नसता. चॅनलवाले आले तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं होतं. आम्हाला आत घेतलं, कारण आम्ही 'आपले'. त्यांना 'नाही' म्हणता आलं नाही ते ह्याच्यामुळं. मुकादम पुन्हा कर म्हणतो तेव्हा मी मनातल्या मनात शिवी तरी देतो. मावशींकडं तेवढंही नव्हतं.

आणि उजेड. त्या खोलीत उजेड नाहीच. एक झरोका, तोही शेजारच्या भिंतीनं बुजवलेला. अंधारातला चेहरा हेच तिथलं खरं. पण वर्गात त्याला शिकवलं की तोंड दिसत नाही ती चूक. रेडिओच्या तासाला 'शुद्ध बोला' म्हणून त्याचं 'पानी' दुरुस्त करतात, तशीच. तेलंगणातल्या माचनूरला २००८ पासून दलित बायांनी स्वतःचा 'संघम रेडिओ' चालवला. शेतात राबणाऱ्या बाया माइकवर आपल्या बोलीत बोलल्या. त्यांचं कुणी दुरुस्त केलं नाही.

हे सगळं मी पोराला ऐकवलं. तो ऐकून घेतो, गुणी आहे. मग म्हणाला, "दादा, अंधारातलं लावलं तर मार्क जातील, जाऊ दे. पण बघणारा माणूस उठून जाईल त्याचं काय? आणि तू त्या मरणावर कविता लिहिलीस. किती वेळा खोडलीस? मावशींना विचारलं होतंस?"

तीन वेळा खोडली होती. विचारलं नव्हतं.

म्हणून आम्ही दोघं दोन्ही तुकडे घेऊन मावशींकडं गेलो. तोपर्यंत असं कुणी केलं नव्हतं, वर्गातही सांगितलं नव्हतं. त्यांनी मोबाइल डोळ्याजवळ धरून दोन्ही बघितले. कविताही मी वाचून दाखवली, आवाज नीट निघाला नाही. कुठलं ठेवू, असं पोरानं विचारलं. त्या म्हणाल्या, "माझंच तोंड घेतलंय सगळीकडं. त्येचा फोटू कुठाय?"

फोटो भिंतीवर होता, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली. आम्ही दोनदा त्याच खोलीत जाऊन तो घेतला नव्हता. माझ्या कवितेतही त्याचं नाव नाही.

पोरगा रविवारी पुन्हा कॅमेरा घेऊन जाणार आहे. मावशींनी सांगितलंय, दुपारी या, तेव्हा झरोक्यातनं थोडं ऊन येतं फोटोवर.