दहाव्या वर्षी लागणारा निकाल

जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात मे महिन्याच्या सुरुवातीला चौथीतल्या मुलांना एक कागद मिळतो. त्यावर तीन विषयांची सरासरी असते: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास. तिथे 1 हा सगळ्यात चांगला गुण, 6 सगळ्यात वाईट. सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल, तर मूल ‘गिम्नाझियुम’मध्ये जाऊ शकतं, म्हणजे विद्यापीठाकडे सरळ नेणाऱ्या शाळेत. 2.66 पर्यंत असेल तर मधली ‘रेआलशुले’. उरलेल्यांसाठी तिसरी शाळा. मूल तेव्हा साधारण दहा वर्षांचं असतं. तिथले लोक या प्रकाराला उपहासानं ‘ग्रुंडशूल-आबिटूर’ म्हणतात. आबिटूर म्हणजे त्यांची बारावी, तेव्हा हे झालं चौथीतच बारावी देणं.

वाचून राग येतो. दहा वर्षांच्या पोराचं काय ठरवता? त्याला अजून धड बूट बांधता येत नाहीत. पण हा राग नेमका कशाचा आहे ते बघायला हवं, कारण आपण ज्या व्यवस्थेतून शिकून बाहेर पडलो ती मुलांना निवडत नाही असं थोडंच आहे? ती कधी निवडते आणि कोणाच्या सहीनं निवडते, एवढाच फरक आहे.

आधी तिथला रस्ता थोडक्यात. सुरुवात किंडरगार्टनपासून. हा शब्दच जर्मन, फ्रोबेलनं 1840 मध्ये जगाला दिलेला. (पुढे प्रशियाच्या सरकारला त्यात नास्तिकपणाचा वास आला आणि 1851 मध्ये त्यांनी बालवाड्यांवर बंदी घातली, ती जवळपास दशकभर टिकली. सरकारं कशाला घाबरतील याचा नेम नाही.) आज वर्षभराच्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, तो 2013 पासून. जागा मात्र कमी पडतात. सहाव्या वर्षी सक्तीची शाळा सुरू होते, घरी शिकवण्याची मुभा नाही. शिक्षण हा विषय सोळा राज्यांच्या हातात आहे, त्यामुळे नियम सोळा तऱ्हांचे. बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत सगळी मुलं एका वर्गात, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत. मग वाटा फुटतात. बव्हेरियात शाळेचा शब्द बराचसा शेवटचा असतो. बहुतेक राज्यांत शिक्षक शिफारस करतात आणि निर्णय पालकांवर सोडतात. एकत्रित शाळाही आता पुष्कळ आहेत.

चौथीपर्यंत एकत्र हीसुद्धा तिथली जुनी रीत नाही. 1920 पर्यंत पैसेवाल्यांची मुलं पहिलीपासूनच वेगळ्या, फी घेणाऱ्या पूर्वतयारीच्या शाळांत जात. वायमार प्रजासत्ताकाच्या घटनेनं म्हटलं की मूल कोणत्या शाळेत जाईल हे त्याच्या कुवतीवरून आणि कलावरून ठरावं, आईबापांच्या ऐपतीवरून किंवा धर्मावरून नव्हे. 1920 च्या कायद्यानं चार वर्षं सगळ्यांना एका बाकावर बसवलं. त्यानंतर शंभर वर्षं वाद चालू आहे तो या चाराचे सहा करायचे का याचा.

हाम्बुर्गनं 2010 मध्ये ते करून बघायचं ठरवलं. विधिमंडळातले सगळे पक्ष सहा वर्षांच्या बाजूचे होते. पण काही पालकांनी सह्या गोळा करून जनमत घ्यायला लावलं आणि जुलैमध्ये लोकांनी योजना फेटाळली. श्रीमंत वस्त्यांमधून मतदान जोरात झालं, गरीब वस्त्यांमधून कमी. आणि ज्या स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना आणखी दोन वर्षांचा सगळ्यात जास्त फायदा झाला असता, त्यातल्या अनेकांकडे नागरिकत्वच नव्हतं, म्हणजे मतही नव्हतं. लोकशाही पद्धतीनं, कुठलाही नियम न मोडता हे झालं. मला यातली ही गोष्ट सगळ्यात अस्वस्थ करते. इथे कोणी खलनायक नाही. आपल्या मुलाला जरा बरी शाळा मिळावी एवढंच प्रत्येक घराला हवं होतं, आणि त्या इच्छांची बेरीज झाल्यावर दुसऱ्याच्या मुलाचं दार बंद झालं.

चौथीतला तो कागद मुलाची कुवत मोजतो, असा दावा आहे. तो बराचसा घर मोजतो. घरी पुस्तकं आहेत का, आई-वडिलांना शाळेची भाषा येते का, शिकवणी परवडते का. वाचनाच्या चाचणीत सारखे गुण मिळालेल्या दोन मुलांपैकी शिकलेल्या घरातल्या मुलाला गिम्नाझियुमची शिफारस मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते, हे तिथल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. डिसेंबर 2001 मध्ये ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल आले तेव्हा देश हादरला. जर्मन मुलं सरासरीच्या खाली होतीच, शिवाय घरची परिस्थिती आणि मुलाची गुणवत्ता यांची गाठ जर्मनीइतकी घट्ट फार थोड्या देशांत होती. शिक्षक दुष्ट नसतात. ‘घरून आधार नाही, गिम्नाझियुममध्ये याचे हाल होतील,’ असं ते प्रामाणिकपणे म्हणतात, आणि तसं म्हटल्यामुळे तेच खरं ठरतं.

तर मग ही व्यवस्था टिकली कशी? इथे समोरच्याची बाजू नीट ऐकली पाहिजे. गिम्नाझियुमला न गेलेलं मूल तिथे फेकलं जात नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी ते ‘आउसबिल्डुंग’ला लागतं. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, बेकरीत, रुग्णालयात किंवा बँकेत काम आणि उरलेले एक-दोन दिवस व्यवसायशाळा. मान्यताप्राप्त व्यवसाय तीनशेहून जास्त. दोन ते साडेतीन वर्षं शिकायचं आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन घ्यायचं, ज्याची किमान रक्कम 2020 पासून कायद्यानं ठरली आहे. पुढे ‘माइस्टर’ होता येतं, म्हणजे स्वतःची कार्यशाळा काढून इतरांना शिकवण्याची पात्रता. राष्ट्रीय पात्रता-चौकटीत माइस्टर आणि पदवीधर एकाच पायरीवर आहेत, आणि माइस्टरला विद्यापीठाचं दारही उघडं आहे. उलट फिरण्याच्या वाटा आहेत. गेऱ्हार्ड श्रोडर यांचे वडील युद्धात गेले, आई सफाईकाम करायची. त्यांनी दुकानात उमेदवारी केली, रात्रशाळेत शिकले, पुढे आबिटूर दिली, वकील झाले आणि 1998 मध्ये देशाचे चान्सलर. अर्थात एका श्रोडरमुळे रस्ता रुंद ठरत नाही.

निवड न्याय्य आहे का, असं आपण विचारतो तेव्हा खरं तर दोन प्रश्न एकात मिसळतो. वर कोण गेलं, हा एक. वर आणि खाली यांत अंतर किती, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर आपण खूप भांडतो: पेपर फुटला का, कटऑफ किती, आरक्षण कोणाला. दुसऱ्यावर फारसं कोणी बोलत नाही. जर्मनी पहिल्यात नापास आहे असं मला वाटतं. दुसऱ्यात ती आपल्यापेक्षा कितीतरी बरी आहे.

आणि समजा पहिला प्रश्न पूर्ण सुटला तर? ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी 1958 मध्ये एक उपरोधिक पुस्तक लिहिलं आणि त्यातून ‘मेरिटोक्रसी’ हा शब्द रूढ झाला. त्यांनी तो शिवीसारखा वापरला होता, जगानं तो कौतुकाचा करून टाकला. त्यांची भीती अशी की चाळण अगदी अचूक झाली तर खाली राहिलेल्यांकडे सांगायला काहीच उरणार नाही. आज हरलेला निदान म्हणू शकतो की शिकवणी परवडली नाही, मास्तरांनी बघितलं नाही. अचूक चाळणीखाली तो फक्त कमी अकलेचा ठरेल, आणि वरचा स्वतःला सगळ्याचा हक्कदार समजेल.

आता आपल्याकडे या. आपण दहाव्या वर्षी निवडत नाही. तिसऱ्या वर्षी निवडतो. नर्सरीची फी, शाळेचं माध्यम, बोर्ड, स्कूल बसचा मार्ग यांवरून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी करायला मनाई आहे, म्हणून मुलाखतीला ‘गप्पा’ म्हणतात. कोठारी आयोगानं 1966 मध्ये परिसरातल्या सगळ्या मुलांसाठी एकच शाळा सुचवली होती, ती अहवालातच राहिली. कलम 12 नं खासगी शाळांत 25 टक्के जागा ठेवल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती सूट रद्द केली. तेवढ्या महिन्यांत किती घरं नुसती पोर्टल उघडून बघत बसली असतील.

बव्हेरियातल्या कागदावर निदान सही असते. त्याविरुद्ध भांडता येतं, तीन दिवसांच्या चाचणी-वर्गाला बसता येतं. आपल्याकडचा निकाल कुठल्याच कागदावर नाही, म्हणून त्याला आपण ‘ज्याची त्याची निवड’ म्हणतो. मग सतराव्या-अठराव्या वर्षी जेईई, नीट किंवा सीईटीला सगळ्यांना एका रेषेत उभं करून शर्यत खुली आहे असं जाहीर करतो. आणि जो हरतो तो कुठे पडतो? ‘दहावीला कमी पडले म्हणून आयटीआयला टाकलं’ या वाक्यातलं ‘टाकलं’ हे क्रियापद ऐका. वायरमन घरी आला की त्याला आपण पाणी विचारतो, त्याच्या मुलाच्या वर्गात आपलं मूल घालत नाही.

यात एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. गेल्या काही वर्षांत जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय सगळ्यात जास्त झाले आहेत. पुण्या-मुंबईत ए-वन, बी-टूचे क्लास भरलेले असतात. आकर्षण उघड आहे: बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. काही राज्यांनी सत्राला 500 युरोपर्यंत शुल्क लावून बघितलं, पण 2014 पर्यंत सगळ्यांनी ते मागे घेतलं. तेव्हा शुल्काच्या बाजूनं एक युक्तिवाद जोरात होता: दहाव्या वर्षी बाजूला काढलेली नर्स आपल्या करातून डॉक्टरच्या मुलाचं विद्यापीठ का पोसते? युक्तिवाद करणारे बहुधा नर्स नव्हते, पण म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

तो आपल्या ओळखीचा आहे. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. आधी गावोगावी प्राथमिक शाळा सक्तीची करा, अशी त्यांची मागणी होती. फुले उच्च शिक्षणाच्या विरोधात नव्हते. पैसा कोणाचा आणि शिकतं कोण, एवढा हिशेब ते मागत होते.

तो हिशेब आता देशाच्या सीमा ओलांडून जातो. श्टुटगार्टमधल्या गवंड्याच्या कराचा एक वाटा कोथरूडच्या मुलाच्या मास्टर्समध्ये असतो. तिथे जायला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये जवळपास बारा हजार युरो दाखवावे लागतात, म्हणजे तिसऱ्या वर्षीच्या आपल्या चाळणीतून वर आलेल्यांनाच बहुतेक ते जमतं. त्या गवंड्याच्या राज्यानं, बाडेन-व्युर्टेम्बर्गनं, 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो लावले. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानं 2024 पासून त्याहून जास्त. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर या शुल्काला अन्याय म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ज्या मुलाला दहाव्या वर्षी विद्यापीठाच्या वाटेवरून बाजूला केलं, त्यानं माझ्या पदवीचं बिल का भरावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.