घरांतला कायदा कोणीं करावा ?

घरांतील दिवा कोणीं लावावा, हा प्रश्न पूर्वीं कोणास पडत नसे. ज्याला अंधार वाटे तो उठे व बटण दाबी. यजमान काय, पाहुणा काय, मोलकरीण काय, भिंतीवरील त्या बटणापुढें सर्वांचा अधिकार सारखाच असे. परंतु ज्यांना आज 'स्मार्ट' म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्या दिव्यांनीं, पंख्यांनीं व कुलुपांनीं या साध्या व्यवहारांत एक नवी गोष्ट आणली आहे. आणि ती केवळ तांत्रिक समजून विचारी माणसांनीं तिच्याकडे पाठ फिरवावी, हें मला योग्य वाटत नाहीं.

या उपकरणांच्या पोटांत एक लहानसा संगणक असतो, व त्याला घालून दिलेले नियम तो स्मरणांत ठेवतो. या नियमांनाच सेटिंग म्हणतात. अशा अनेक उपकरणांत 'टास्मोटा' नांवाची एक मुक्त आज्ञावली घालतां येते. तिच्यांतील एकच नियम उदाहरणादाखल घेऊं. वीज जाऊन परत आली म्हणजे दिव्यानें काय करावें ? बंद राहावें, आपण होऊन लागावें, कीं पूर्वींच्याच स्थितींत यावें ? यांपैकीं कोणतेंही उत्तर त्याला शिकवून ठेवतां येतें. जेथें वीज वारंवार जाते तेथें हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. जिन्यावरचा दिवा मध्यरात्रीं आपण होऊन लागला, तर घरांतील वृद्धेला चांचपडावें लागत नाहीं; तोच नियम पाळण्याजवळच्या दिव्याला लावला, तर तान्हें मूल दचकून उठतें. जागा निराळी तसा नियम निराळा हवा. पण घरांतील सर्व उपकरणांना एकदम आज्ञा धाडण्याची सोय झाल्यामुळें सर्वांना एकच नियम लावणें हें सर्वांत सोपें झालें आहे. आणि जें सोपें तेंच युक्त, असें वाटूं लागणें हा मनुष्यस्वभाव आहे.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. बटण दाबणें हें कर्म आहे; सेटिंग बदलणें हें विधिनिर्माण आहे. कर्म करणारा समोर दिसतो, व तें न रुचल्यास "राहूं द्या कीं" असें त्याला म्हणतां येतें. कायदा करणारा निघून जातो आणि कायदा मागें राहतो. स्वतः घालून घेतलेल्या नियमाचें पालन हीच स्वतंत्रता, असें रूसोनें १७६२ सालीं राज्यासंबंधानें प्रतिपादिलें. राज्यासंबंधानें तें आपणांस पटतें. घराचा उंबरठा ओलांडतांच मात्र आपण तें विसरतों.

यावर कोणी म्हणेल कीं, मग हें साधनच टाकून द्यावें. तें बरोबर नाहीं. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या दुष्ट आज्ञावलीनें, कारखान्यांतून आलेले परवलीचे शब्द ज्यांत कोणीं बदललेच नव्हते, असे कॅमेरे व तत्सम उपकरणें लाखोंच्या संख्येनें कह्यांत घेतलीं, आणि त्यांच्याकरवीं २१ ऑक्टोबरला अनेक प्रसिद्ध संकेतस्थळें बंद पाडलीं. घरांतील सर्व उपकरणांचे असले शब्द एका बैठकींत बदलून टाकणें हें गृहस्थाचें कर्तव्यच आहे. त्यासाठीं प्रत्येकाची संमति घेत बसण्याचें कारण नाहीं.

मग मर्यादा कोठें घालावी ? आपल्या मिताक्षरा धर्मशास्त्रांत याचें उत्तर सांपडण्यासारखें आहे. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा मोठा अधिकार आहे. पण ती विकावयाची तर कुटुंबाची गरज किंवा कुटुंबाचें हित दाखवावें लागतें. कर्ता म्हणजे मालक नव्हे. आज घराचा परवलीचा शब्द ज्याच्यापाशीं, तो या घराचा नवा कर्ता झाला आहे; त्याच्यावर मात्र असलें कोणतेंच बंधन नाहीं. याचा परिणाम कोठवर जातो तें २०१८ च्या जूनमध्यें 'न्यूयॉर्क टाइम्स'नें प्रसिद्ध केलेल्या पीडित स्त्रियांच्या हकीकतींवरून दिसतें. एकीच्या घरांतील थंड हवेचें यंत्र ती हात न लावतां बंद पडे. दुसरीच्या दाराच्या कुलुपाचे आंकडे रोज बदलत. यासाठीं हात उगारावा लागत नाहीं. फक्त सेटिंग बदललें गेलें होतें.

अशीं माणसें थोडीं, हें खरें. पण सद्‌हेतूनें केलेली सक्तीही सक्तीच असते. उपरोक्त आज्ञावलींत भिंतीवरील बटणाचा दिव्याशीं असलेला संबंध तोडण्याचीही सोय आहे. माझ्या मतें मर्यादेची रेघ येथेंच ओढावी. कर्त्यानें वाटेल तितके नियम करावे. परंतु ज्याला परवलीचा शब्द ठाऊक नाहीं, यंत्राची भाषा येत नाहीं, अशा घरांतील सर्वांत दुबळ्या माणसाला नुसत्या बोटानें तो नियम मोडतां आला पाहिजे. ज्या घरांत म्हातारीला दिवा लावण्यासाठीं मुलाची परवानगी मागावी लागते, त्या घरांत उजेड कितीही असला, तरी तें घर तिचें राहिलें नाहीं.