हौद्यात काय भरणार?

भिवपुरी रोड स्टेशनच्या पलीकडे थोडी शेतजमीन घेतलेल्या एका मुंबईकर स्नेह्यांनी परवा विचारलं, "पिकअप घ्यायचीच आहे, तर हायब्रिड मिळेपर्यंत थांबू का? तेवढंच पाप कमी लागेल." प्रश्न तळमळीचा होता.

हायब्रिडचं तत्त्व चांगलंच आहे. ब्रेक लागताना वाया जाणारी शक्ती ही गाडी बॅटरीत साठवते आणि पुन्हा वेग घेताना वापरते. सिग्नलच्या गर्दीत त्यामुळे इंधन वाचतं. मोकळ्या रस्त्यावर तो फायदा बराच कमी होतो. अमेरिकेत फोर्डने 2021 मध्ये मॅव्हरिक ही हायब्रिड पिकअप आणली. आपल्या गावांत पिकअप म्हटली की बोलेरो, नाहीतर 2005 पासूनचा छोटा हत्ती. त्याचा विजेवर चालणारा अवतारही 2022 मध्ये आला.

पण 'पाप कमी' हे शब्द भिवपुरीत उच्चारताना जरा थांबावं लागतं. वर मावळात ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवून टाटांनी ते पाणी नळांतून घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडलं, ते 1922 साली. गिरण्यांच्या मुंबईला कोळसा न जाळता वीज मिळाली. ज्यांची शेतं धरणाखाली गेली ते मात्र मावळातले शेतकरी होते. याच काळात टाटांच्याच मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट सत्याग्रहात उतरले होते. दुसरी बाजूही खरी आहे: वीजघरातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर, राजनाल्याच्या कालव्यावर, कर्जत तालुक्यातले शेतकरी उन्हाळी भात घेतात. आता तिथेच 1000 मेगावॉटचा नवा प्रकल्प ठरला आहे. वीज मुबलक असेल तेव्हा पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं. शक्ती साठवून ठेवण्याचं तत्त्व हायब्रिडचंच. स्वच्छ ऊर्जेची किंमत कुणीतरी, कुठेतरी मोजतोच. वापरणाऱ्याला तो दिसत नाही, एवढंच.

गाडीचंही तसंच. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे आपण मोजतो. पण गाडीचं पोलाद, बॅटरीतलं लिथियम खाणीतून काढताना झालेली हानी पहिल्या किलोमीटरच्या आधीच होऊन गेलेली असते. रोज पहाटे भाजी घेऊन कल्याणच्या बाजार समितीकडे धावणाऱ्या गाडीत ती भरून निघते. तिथे हायब्रिड, सीएनजी, वीज यांचा विचार जरूर व्हावा, आणि सरकारी मदतही आधी त्या गाडीवाल्याला मिळावी. शनिवार-रविवारी चार रोपं आणि खताची एक गोणी आणणाऱ्या गाडीत ती कशी भरून निघणार?

भात झोडून झालं की गावातल्या पिकअपला उसंत नसते. हौद्यात गोण्यांची थप्पी लागते, फाळका वर चढतो, वरून दोर आवळला जातो. एरवी तीच गाडी भाड्याची वाट बघत नाक्यावर उभी असते आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. तिला भाडं दिलं तर नवी गाडी बनवावी लागत नाही आणि त्या घराचा हप्ताही निघतो.

स्नेह्यांना मी एवढंच म्हटलं: एक वर्ष वही ठेवा. कोणत्या तारखेला, किती माल आणला, ते लिहा. हौदा दर आठवड्याला भरत असेल तर गाडी खुशाल घ्या. नसेल, तर तुम्ही कर्जत लोकलने या आणि सामान गावातल्या गाडीने आणा. तुमच्याही मनात अशी खरेदी घोळत असेल, तर शोरूममध्ये जाण्याआधी अशी वही जरूर ठेवा.