पत आणि ऋण

मनुष्य जन्मास येतो तोच ऋणी म्हणून, असे वैदिक परंपरा मानते. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे त्याच्या मस्तकी असतात व यज्ञ, अध्ययन आणि संतती यांच्या द्वारा ती त्याने फेडावयाची असतात. याच परंपरेतील महाभारतात, वनपर्वामध्ये, सुखी कोण असे यक्षाने विचारले असता युधिष्ठिराने दिलेल्या उत्तरात ऋणमुक्त मनुष्याची गणना केलेली आहे. मग त्याच्या ताटात साधा भाजीपाला का असेना. या दोन्ही गोष्टींत विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. पहिले ऋण आपल्या जन्मापूर्वीच आपल्याला मिळालेल्या दानाचे आहे, आणि ते फेडताना मनुष्य मोठा होतो. दुसरे ऋण तो आपल्या वासनेच्या हौसेखातर स्वतः काढतो, आणि ते फेडताना बहुधा लहान होतो. मात्र व्यवहारात समोर आलेले ऋण या दोहोंपैकी कोणत्या जातीचे, हे ओळखणे प्रत्येक वेळी सोपे नसते. तरुण मुलाने किंवा मुलीने पहिले क्रेडिट कार्ड घ्यावे की नाही, हा आज घरोघरी उपस्थित होणारा प्रश्न याच कारणाने दिसतो तितका क्षुल्लक नाही.

एक प्रसंग कल्पावा. इंदूरचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांची बावीस वर्षांची कन्या बंगळूरला पहिल्या नोकरीवर रुजू झाली आहे. दोन पगार हाती पडले तोच, ज्या बँकेत पगार जमा होतो तिच्याकडून कार्ड देऊ करणारा निरोप आला. मुलीने घरी दूरध्वनी करून विचारले, "बाबा, घेऊ का?" वडील तत्काळ म्हणाले, "आपल्या घरात उधारी चालत नाही." त्यावर मुलीने शांतपणे विचारले, "मग हे घर तुम्ही कर्ज काढूनच बांधलंत ना, बाबा?" या प्रश्नास वडिलांजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते.

मुलीच्या बाजूने जे बोलता येते ते प्रथम ऐकले पाहिजे. मराठीत 'पत' हा शब्द अर्थपूर्ण आहे. बाजारात पत असणे म्हणजे शब्दाला किंमत असणे. पूर्वी ही पत वाण्याच्या वहीत आणि शेजाऱ्यांच्या स्मरणात नांदत असे. कोण वेळेवर फेडतो आणि कोण तोंड चुकवतो, हे गावास ठाऊक असे. आज वाणीही ओळखीचा नाही आणि शेजारीही नाही. पत नोंदविणाऱ्या संस्था २००५ च्या कायद्यान्वये चालतात आणि माणसाची पत ३०० पासून ९०० पर्यंतच्या एका आकड्यात सांगतात. ज्याने कधीच काही उसने घेतले नाही, त्याची नोंदच नसते. आणि पुढे घरासाठी कर्ज मागावयास गेला असता, आजवरची त्याची सारी सचोटी त्या आकड्याच्या अभावी मुकी ठरते. हा युक्तिवाद खोटा नाही. शिवाय कार्डाने केलेला खर्च नियत तारखेस पूर्ण फेडला तर खरेदीवर व्याज लागत नाही, हेही सत्य आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस करार करण्याची पात्रता भारतीय कायदा देतो. मग वडिलांच्या अनुमतीची गरज तरी काय, असेही कोणी विचारील. मुलीने अनुमती मागितली, हा तिचा संस्कार होय.

आता दुसरी बाजू. वाण्याची वही आणि बँकेचे कार्ड यांत एक भेद आहे, तो बारकाईने पाहावा. वाणी गिऱ्हाइकास ओळखत असे. उधारी फार वाढली की तोच हात आखडता घेई, कारण गिऱ्हाईक बुडाले तर त्याचे पैसेही बुडत. कार्ड देणाऱ्या संस्थेस मात्र जो पूर्ण फेडतो त्याच्याकडून व्याजाची प्राप्ती होत नाही. ती होते जो थोडे फेडतो आणि थोडे मागे ठेवतो त्याच्याकडून. म्हणून देयकावर दोन आकडे छापलेले असतात, एक एकूण रकमेचा आणि दुसरा किमान रकमेचा. हा दुसरा आकडाच मोहाचे द्वार आहे.

हिशेब मांडून पाहावा, कारण नीतीचे पुष्कळसे प्रश्न अंकगणित टाळल्यामुळे कठीण वाटतात. देयक रु. ५०,००० चे आहे, व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे, आणि किमान रक्कम पाच टक्के म्हणजे रु. २,५०० आहे, असे समजू. तरुणाने तेवढीच भरली. उरलेल्या ४७,५०० वर एका महिन्याचे व्याज सुमारे १,६६२ आणि त्यावर अठरा टक्के कर सुमारे २९९. म्हणजे पुढील महिन्यात थकबाकी पुन्हा ४९,४६१ च्या आसपास उभी राहिली. अडीच हजार रुपये हातचे गेले आणि ऋण घटले ते केवळ ५३८ रुपयांनी. एका पैशाची नवी खरेदी न करता हा क्रम तसाच चालू ठेवला, तर मूळ ऋण निम्मे होण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि त्या अवधीत पंचवीस हजारांचे ऋण कमी करण्यासाठी सुमारे एक लाख सोळा हजार रुपये भरले जातात. केवळ किमान रक्कम भरल्यास फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा देयकावर छापावा, असा निर्बंध रिझर्व्ह बँकेने घातलेला आहे. तो इशारा किती जण वाचतात, हा प्रश्न निराळा.

या देशाने ऋणाचे भय पुस्तकातून शिकलेले नाही. देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविल्याची कथा महाराष्ट्र आजही सांगतो, आणि ती कथा ऋणकोची नसून धनकोची आहे, हे तिचे विशेष. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सुपे येथून आरंभ करून सावकारांची खते जाळली, तेव्हा सरकारला १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. जुन्या हिंदू व्यवहारशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये, असा तो धनकोच्या लोभास घातलेला बांध होता. कार्डाच्या व्याजास असा आकड्यातला बांध आज नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. व्याजाच्या दरावर देखरेख ठेवणे हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र होय, अशी न्यायालयाची भूमिका होती. कायद्याच्या दृष्टीने ते यथार्थ असेल. पण गृहस्थाने त्यावरून एवढे ओळखावे की बाहेरचा बांध निघाल्यावर आतला बांध तेवढा उरतो.

आणि येथेच गीतेचा विषय सुरू होतो. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी पतनाची जी पायरी-पायरीची उतरंड सांगितली आहे, तिचा आरंभ विषयाच्या चिंतनापासून होतो. वस्तू मनात घोळू लागली की तिच्याशी संग जडतो आणि संगातून काम उपजतो. पूर्वी या चिंतनाच्या आणि प्राप्तीच्या मध्ये एक अंतर असे. पैसे साठवावे लागत, आणि साठविता साठविता कित्येक इच्छा आपोआप मावळत. कार्डाने हे अंतर नाहीसे केले. ते स्वतः पाप नाही. एक लाकडी खुंटी काढून घ्यावी आणि दार आपोआप उघडे राहावे, तसे ते आहे. अठराव्या अध्यायात राजस सुखाचे जे लक्षण दिले आहे, की ते आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे असते, त्याचे इतके चपखल उदाहरण क्वचितच सापडेल. येथे तर विषाची तारीखही छापून येते.

"आमची मुलगी गुणी आहे, ती बहकणार नाही," असे पुष्कळ आईबाप म्हणतात. त्यांनी सभापर्व आठवावे. द्यूतास बसलेला मनुष्य कोणी दुर्जन नव्हता, साक्षात धर्मराज होता. यक्षाला उत्तर देणारा तो हाच. पहिला पण हरला तेव्हा तो उठू शकला असता. पण प्रत्येक नवा पण मागची हानी भरून काढण्यासाठी लागत गेला, आणि शेवटी जे पणास लावण्याचा अधिकारच नव्हता तेही लागले. एका कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डाने भरणारा तरुण याच वाटेने चाललेला असतो, आणि त्याचा हेतूही धर्मराजासारखाच, सर्व पूर्ववत करण्याचा असतो. सद्गुण हे मोहाविरुद्धचे कवच आहे खरे, पण अभेद्य नव्हे. त्या सभेत आणखी एक व्यक्ती होती, तीही पालकांनी विसरू नये. धृतराष्ट्र मुलाच्या हट्टापुढे नमला, आणि पण लागत असता जिंकले का, जिंकले का, असे तो विचारीत राहिला.

मग काय 'नाही' म्हणावे? इंदूरच्या गृहस्थांनी तेच केले होते; पण त्यांच्या नकाराचेही परीक्षण व्हावयास हवे. तिसऱ्या अध्यायात मिथ्याचाराची निंदा आहे. इंद्रिये आवरून धरायची आणि मनाने विषयांचे स्मरण करीत बसायचे, हा तो मिथ्याचार. वडिलांच्या धाकाने कार्ड न घेणारी मुलगी संयमी झाली असे नव्हे. तिची इच्छा केवळ वडिलांच्या अज्ञेपर्यंत ढकलली गेली. कार्डे देणाऱ्यांच्या बाजूने मात्र नकाराची अडचण फारशी नाही. १९५८ मध्ये अमेरिकेतील फ्रेस्नो गावी एका बँकेने सुमारे साठ हजार रहिवाशांना न मागता कार्डे पाठविली होती. भारतात न मागितलेले कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी सक्त मनाई आहे, आणि संमतीवाचून मर्यादा वाढविण्यासही आहे. तरीही संमती मिळविण्याच्या कला पुष्कळ आहेत, आणि ज्या मुलीने कधी स्वतः विचार केला नाही तिची संमती सर्वांत स्वस्त असते.

येथे अधिकाराचा विचार करावा लागतो. एकच साधन एकास हितकर आणि दुसऱ्यास घातक असू शकते, म्हणून आपल्या शास्त्रांनी साधनाआधी साधकाचा अधिकार पाहिला. कार्डाच्या बाबतीत अधिकार वयाने येत नाही, पगाराने तर मुळीच येत नाही. महिन्याचा खर्च लिहून ठेवण्याची सवय आहे काय? पगार संपण्यापूर्वी महिना संपतो की महिन्यापूर्वी पगार? मैत्रिणींनी महागडी वस्तू घेतली असता झोप लागते काय? या प्रश्नांची उत्तरे बँक विचारीत नाही, आणि वडिलांनाही ती ठाऊक नसतात. ती मुलीलाच ठाऊक असतात.

आणखी एक विचार फारसा कोणी मांडीत नाही. जो कार्ड वापरून वेळेवर पूर्ण फेडतो त्यास सवलती आणि बक्षिसाचे गुण मिळतात. त्यांतील काही भाग दुकानदारांकडून घेतलेल्या शुल्कातून येतो. पण या व्यवसायाचे एक मोठे उत्पन्न न फेडू शकणाऱ्यांच्या व्याजाचे आहे, हे उघड आहे. तेव्हा शहाण्या तरुणाच्या फुकटच्या प्रवासात एखाद्या अडलेल्या तरुणाचा वाटा असू शकतो. यामुळे कार्ड घेणे अधर्म ठरते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण आपण फार हुशारीने वागलो, या समाधानास थोडा लगाम बसावा, एवढे मात्र खरे.

निर्णयाची रीत गीतेनेच घालून दिली आहे. सर्व ज्ञान सांगून झाल्यावर भगवंतांनी अर्जुनास आज्ञा केली नाही. याचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर, अशा आशयाचे ते बोलले. ज्याच्या मुखातून आज्ञाच शोभली असती त्याने निर्णय शिष्यावर सोपविला. पण 'सर्व सांगून झाल्यावर', हे विसरता कामा नये. न सांगता सोडून देणे हे स्वातंत्र्य देणे नव्हे, ती हेळसांड होय. आणि सांगावयाचे ते सर्व सांगितले पाहिजे, अवघड तेही.

इंदूरच्या गृहस्थांनी आठ दिवसांनी मुलीला पुन्हा दूरध्वनी केला. व्याजाचा हिशेब कागदावर मांडून ठेवला होता, तो वाचून दाखविला. मग थोडे थांबून ते म्हणाले, "घराच्या कर्जाचे दोन हप्ते माझ्याने भरवले नव्हते. तुझ्या आईच्या पाटल्या सराफाकडे गहाण ठेवल्या होत्या. सोडवायला दोन वर्षं लागली." मुलीने विचारले, "हे तुम्ही कधी सांगितलं नाही, बाबा." ते म्हणाले, "उधारी चालत नाही म्हणणं सोपं होतं."

तिने तीन महिने खर्च लिहून काढला. तिसऱ्या महिन्यात पगार संपल्यावर आठ दिवस उरले होते, हे तिने आपण होऊन कळविले, आणि कार्डाचा विचार दिवाळीनंतरपर्यंत पुढे ढकलला. नंतर स्वतःच्या रु. २५,००० च्या मुदतठेवीच्या तारणावर मिळणारे, त्याहून कमी मर्यादेचे कार्ड तिने घेतले, आणि संपूर्ण रक्कम नियत तारखेस खात्यातून परस्पर वळती व्हावी अशी व्यवस्था करून ठेवली. वडिलांनी त्यावर बरे-वाईट काही म्हटले नाही. देयकाची तारीख मात्र विचारून घेतली, आणि ती स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर प्रत्येक महिन्यात लाल शाईने मांडून ठेवली.