तरू न टाकता लावण

निपाणी शहर संपता संपता अर्जुननगर लागतं. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, तर अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात. १९६० साली सुरू झालेलं देवचंद कॉलेज अर्जुननगरात आहे आणि ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणी शहरातलं बागेवाडी कॉलेज मात्र बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. एका घरातले दोन भाऊ या दोन कॉलेजांत शिकत असले आणि दोघंही कबड्डी खेळत असले, तरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ते कधी समोरासमोर येत नाहीत. विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर देवचंदमधला पश्चिम विभागात खेळायला जातो आणि बागेवाडीतला दक्षिण विभागात. गाठ पडलीच, तर ती थेट अखिल भारतीय स्पर्धेत.

हा नकाशा खेळाडूंनी काढलेला नाही. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणीचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आलं. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ वेगळं झालं, तेव्हा बेळगावची कॉलेजं धारवाडच्या कॉलेजांपासूनही सुटली. प्रत्येक वेळी कारणं मोठी होती. पोरं कुणाशी खेळणार, हा प्रश्न त्या कारणांच्या यादीत कधी नव्हता.

याच पट्ट्यातली ही गोष्ट. माणसं कल्पनेतली आहेत, नकाशा खरा आहे.

सीमाभागात एक क्रीडाशिक्षक होते. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. शेजारची पोरं एकमेकांशी खेळत नाहीत, याचं त्यांना फार वाईट वाटे. म्हणून त्यांनी सीमेच्या अलीकडची चार आणि पलीकडची चार कॉलेजं गाठली. प्राचार्यांना भेटले, घरोघर जाऊन पालकांना भेटले, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर आठ संघांची कबड्डी स्पर्धा सुरू केली. तिला विद्यापीठाची मान्यता नव्हती, प्रमाणपत्राला गुण नव्हते. नियम तीनच होते. प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळणार. पहिला सामना शेजारच्या कॉलेजाशी होणार. आणि पाहुण्या संघाच्या जेवणाची सोय यजमान गाव करणार.

आठ संघांचे २८ सामने मातीच्या मैदानावर होत. गुणलेखक एका बाजूचा असला, तर पंच दुसऱ्या बाजूचा असे. कानडी बोलणारा कोपरारक्षक आणि मराठी बोलणारा चढाईपटू मध्यरेषेवर एकमेकांना दम देत आणि संध्याकाळी एकाच पंगतीत भाकरी मोडत. सर्वांत लहान कॉलेज तंबाखूच्या शेतांमधल्या एका गावाचं होतं. तिथं संघात बारा जण जमवायचे, तर बारावीच्या पोरांनाही धरावं लागे. पण चढाईपटू तिथंच तयार होत. पहाटे उठून वाफ्यांना पाणी घालणाऱ्या पोरांचे पाय मातीवर घसरत नसत.

मग एका वर्षी एका वाहिनीचा माणूस आला. त्यानं सामने पाहिले आणि त्याला ते मनापासून आवडले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर टीव्हीनं या खेळाला कुठल्या कुठं नेलं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. तो म्हणाला, “मॅट आम्ही देतो, दिवे आम्ही लावतो, जर्सी देतो, बक्षिसाची रक्कमही देतो. फक्त आठ संघ जास्त होतात. चार ठेवू. सामने रात्री आठनंतर, शहरातल्या बंदिस्त सभागृहात.”

चार कोणते, हे कोण ठरवणार? तिथं दोन पुढारी पुढं झाले. एक अलीकडच्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, दुसरा पलीकडच्या. एरवी सीमाप्रश्नावर दोघं एका व्यासपीठावर आले नसते, पण सामन्यांची पत्रिका ठरवायला एका खोलीत बसले. दोघांची कॉलेजं आधीच धरली गेली. उरलेल्या दोन जागा मोठ्या वस्तीच्या गावांना मिळाल्या, कारण तिथं प्रेक्षक जास्त आणि मतंही जास्त. मागच्या तीन वर्षांच्या गुणतक्त्याचं पान कुणी उघडलंही नाही.

सरांनी बैठक बोलावली. शाळेच्या वर्गात आठही संघांचे कर्णधार आणि दोन्ही अध्यक्ष बसले होते. सर म्हणाले, “एक ऐका. अमेरिकेत टेक्सास राज्यात विद्यापीठांच्या खेळांचा एक जुना गट होता, १९१४ साली स्थापन झालेला. शेवटी त्यात टेक्सासचीच आठ विद्यापीठं राहिली होती. आपल्यासारखीच आठ. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये सामने दाखवण्यावरची राष्ट्रीय संघटनेची मक्तेदारी मोडली होती आणि तेव्हापासून ज्याला प्रेक्षक मोठे, त्याचा भाव मोठा झाला. १९९४ मध्ये आठांतली चार विद्यापीठं उचलून एका नव्या, श्रीमंत गटात घातली. त्यांतली दोन प्रेक्षकांच्या बळावर गेली. बाकीच्या दोघांसाठी राज्यातल्या पुढाऱ्यांनी जोर लावला, असं तिथं सगळे सांगतात. नायब राज्यपाल बॉब बुलक त्या दोन्ही विद्यापीठांत शिकलेले होते. उरलेली चार मागं राहिली आणि १९९६ मध्ये तो गटच संपला.”

अलीकडचे अध्यक्ष म्हणाले, “सर, तुमचा मान आहे, पण अमेरिकेचं राहू द्या. आपल्या पोरांना टीव्हीवर दिसायचं नशीब परत कधी मिळायचं?”

हा प्रश्न खोटा नव्हता. कर्णधारांच्या डोळ्यांत तोच प्रश्न होता. सर म्हणाले, “पैशाला माझी ना नाही, दिव्यांनाही ना नाही. पत्रिकेवर हात ठेवायला ना आहे. खेळ दाखवा, विका, जाहिराती लावा. पण कोण कुणाशी खेळणार, हे खेळणाऱ्यांनी ठरवावं.”

मतदान झालं नाही. चार संघ गेले.

पहिल्या वर्षी सगळं झगमगीत झालं. एका पोराची चढाई हजारो मोबाइलवर फिरली आणि पुढं त्याला खेळाच्या कोट्यातून नोकरीही लागली. त्याच्या आईनं गावभर पेढे वाटले आणि ते योग्यच होतं. फक्त सामने रात्री, शहरात. गावाकडच्या बायका दिवसभर तंबाखूच्या वखारीत काम करून संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसत, त्यांना आता मोबाइलच्या पडद्यावर पाहावं लागे. पंगती बंद झाल्या, कारण खेळाडूंना जेवणाची पाकिटं मिळत.

मागं राहिलेल्या चौघांनी आपापसांत खेळून पाहिलं. पण मोठे संघच नाहीत म्हटल्यावर प्राचार्यांनी प्रवासाचा खर्च कमी केला. दोन कॉलेजांनी दुसऱ्याच वर्षी संघ मोडले. लहान गावातलं मैदान रिकामं राहू लागलं आणि रिकाम्या मैदानात आधी दुचाकी, मग ट्रॅक्टर उभे राहू लागले. त्या गावात एक चढाईपटू होता. बोनस रेषेवर पाय टाकून परत फिरण्यात त्याच्यासारखा आठ संघांत दुसरा नव्हता. संघ मोडल्यावर त्यानं कॉलेजही सोडलं आणि कागलच्या औद्योगिक वसाहतीत पाळीच्या कामाला लागला.

तिसऱ्या वर्षी मोठ्या संघांचे जुने खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडले. नवे कुठून आणायचे? शहराच्या संघांना आजवर निम्मे खेळाडू खेड्यांतूनच मिळत आले होते. लहान संघाकडून दोन वर्षं खेळलेलं पोर पुढच्या शिक्षणासाठी शहरातल्या कॉलेजात येई आणि तयार खेळाडू म्हणून संघात शिरे. ती वाट बंद झाली होती. शिवाय चारच संघ एकमेकांशी फिरून फिरून खेळत होते. कोण कधी डाव्या कोपऱ्यात झेप घेणार, हे आता प्रेक्षकांनाही पाठ झालं होतं.

पलीकडच्या अध्यक्षांनी गाडी काढली आणि त्या चढाईपटूच्या घरी गेले. तो कामावर होता. त्याची आई वखारीतून नुकतीच आली होती. सारा गाव तिला अक्का म्हणे. अध्यक्ष म्हणाले, “अक्का, पोराला आमच्या कॉलेजात घाला. फी आम्ही भरतो. संघाला त्याची गरज आहे.”

अक्कानं त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, “सायेब, तंबाखू तुम्हाला म्हाईत हाय. आधी वाफ्यात तरू टाकायचं, त्याला जपायचं, मग रानात लावण. आमच्या गावातला वाफा तुम्ही मोडलासा. तरू टाकायचं न्हाई म्हणतासा आणि लावण मातुर पायजे. कुठनं येणार वो?”

अध्यक्ष काही बोलले नाहीत. पण ते बोलणं त्यांनी मनावर घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनीच पलीकडून फोन केला आणि त्याच शाळेच्या त्याच वर्गात पुन्हा बैठक झाली.

या वेळी सरांकडे सांगायला नवं होतं. “मधल्या काळात अमेरिकेत काय झालं बघा,” ते म्हणाले. “पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचा एक गट होता, १९१५ पासूनचा, बारा संघांचा. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी तो सोडायचं जाहीर केलं, कारण दुसऱ्या गटाकडे टीव्हीचा पैसा जास्त होता. त्या गटानं तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरच्या घरातला. मग ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच दिवसात पाच विद्यापीठं गेली. शेवटी बारांतली दोनच उरली. आता लॉस एंजेलिसची पोरं गटातला सामना खेळायला चार हजार किलोमीटरवर, पार पूर्वेच्या न्यू जर्सीला जातात. आणि त्याच कॅलिफोर्नियात विद्यापीठाच्या प्रशासक मंडळाला २०२४ मध्ये ठरवावं लागलं, की लॉस एंजेलिसच्या त्या दोनांतल्या एका विद्यापीठानं बर्कलेच्या भावंड विद्यापीठाला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत, तूर्त तीन वर्षं. घर मोडल्यावर भरपाई देत बसण्यापेक्षा आधीच वाटून घेतलं असतं, तर?”

वाहिनीचा माणूसही आला होता. तो प्रामाणिकपणे म्हणाला, “आम्हाला चांगले सामने हवेत. चार संघ मी सुचवले, कारण मला तेवढंच दिसलं. तुम्ही आठ म्हणत असाल, तर मी आठ दाखवीन.”

त्या रात्री लिहून ठेवलं गेलं, ते असं. पत्रिका आठ कर्णधार चिठ्ठ्या टाकून काढतील, पण पहिला सामना शेजाऱ्याशीच राहील. संस्थेचे अध्यक्ष आणि वाहिनीचे लोक पाहुणे म्हणून बसतील, पत्रिकेला हात लावणार नाहीत. प्रक्षेपणाच्या पैशाचे आठ सारखे भाग होतील, संघ जिंको वा हरो. निम्मे सामने गावांतच, दिवसाउजेडी होतील. कोणताही संघ वगळायचा झाला, तर आठांतल्या सहा कर्णधारांची सही लागेल.

दिवाळीनंतर स्पर्धा पुन्हा सुरू झाली. मोडलेले दोन संघ उभे राहायला वेळ लागला आणि त्यातला एक पहिल्या वर्षी सगळे सामने हरला. अक्काचा थोरला, तो चढाईपटू, परत आला नाही. त्याची कॉलेजची वर्षं निघून गेली होती, ती पैसे वाटून भरून येणारी नव्हती. त्याचा धाकटा भाऊ मात्र बारावीत असतानाच संघात उतरला आणि सुट्टीच्या दिवशी थोरला त्याला बोनस रेषेवरचं पाऊल शिकवू लागला.

तात्पर्य असं, की खेळात प्रतिस्पर्धी ही सामाईक मालमत्ता आहे. शेजारचा संघ दुबळा झाला, की आपला संघही दुबळा होतो. फक्त ते कळायला दोन-तीन वर्षं लागतात. सत्ता आणि वाहिनी या दोघांनाही खेळाजवळ यावंसं वाटतं, यात पाप नाही. त्यांच्यामुळे मैदानाला दिवे मिळतात. पण कुणी कुणाशी खेळायचं, ही चावी त्यांच्या हाती दिली की सर्वांत आधी सर्वांत लहान गाव अंधारात जातं. म्हणून तुमच्या गावात, तालुक्यात, विद्यापीठात जेव्हा कधी नवे गट पडतील आणि नवी पत्रिका निघेल, तेव्हा वर कोण गेलं हे नंतर बघा. आधी विचारा, की मागं कोण राहिलं आणि त्याला विचारलं होतं का.