निरोपाची नीती

‘राजीनामा’ हा शब्द आज मराठीत एकाच अर्थाने रूढ आहे. पद सोडणारा मनुष्य जो कागद लिहून देतो, तो राजीनामा. त्या कागदाभोवती रोष, अभिमान, कधी सुटकेचा निःश्वास असे अनेक भाव जमलेले असतात. परंतु फारसीतून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी रोष नाही; तेथे ‘राजी’ असणे आहे, संमती आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलाच्या व्यवहारात हा शब्द वेगळ्या संदर्भात येत असे. जमिनीवरचा आपला कब्जा सोडणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि तीच जमीन पुढे कसू इच्छिणारा कबुलायत लिहून देई. एकाचे सोडणे आणि दुसऱ्याचे स्वीकारणे हे दोन कागद जोडीने चालत. नोकरीच्या व्यवहारात यातला पहिला शब्द टिकला आणि दुसरा गळून पडला. सोडून जाणारा काय लिहितो एवढेच पाहिले जाऊ लागले; त्याच्यामागे ती जमीन कोणाच्या हाती आणि कोणत्या स्थितीत जाते, हा प्रश्न मागे पडला. चाकरी चांगल्या रीतीने सोडणे म्हणजे काय, याचा विचार करताना हा हरवलेला जोडशब्द आठवणे उपयोगाचे आहे.

या विषयावर व्यवहारी लोकांचे मत सर्वश्रुत आहे. जुन्या मालकाशी भांडून जाऊ नये, कारण उद्या त्याच्याच दाखल्याची गरज पडेल. जग लहान आहे आणि माणसे पुन्हा भेटतात. हे मत खोटे नाही. मात्र ते नीतीचे मत नव्हे, हिशेबीपणाचे आहे. दाखल्याची गरज नसेल, गाव कायमचे सुटणार असेल, मालक वृद्ध किंवा दुबळा झाला असेल, तर या मताप्रमाणे चांगले वागण्याचे कारणच उरत नाही. जे आचरण फायदा संपताच संपते, त्याला सौजन्य म्हणता येईल; धर्म म्हणता येणार नाही. म्हणून खरा प्रश्न असा आहे की, सोडून जाणाऱ्याचे काही देणे लागते काय, आणि लागत असेल तर ते कोणाचे?

जुन्या समाजाचे उत्तर स्पष्ट होते. चाकराने खाल्ल्या मिठाला जागावे. मीठ हे तेथे वेतनाचे रूपक नव्हते, संबंधाचे होते. धन्याने अन्न दिले म्हणजे आयुष्य दिले आणि आयुष्याच्या ऋणातून कोणी पगार फेडून मोकळा होत नाही. या कल्पनेत निष्ठेचे मोठे सौंदर्य होते, परंतु त्यात सोडून जाण्याला जागाच नव्हती. जो गेला तो नमकहराम ठरला. पुढे ब्रिटिश अमलात धनी आणि चाकर यांच्या नात्याला कराराचे रूप आले, तेव्हाही ही जुनी सत्ता सुटली नाही. उलट तिला कायद्याचे बळ मिळाले. कामगारांच्या करारभंगासंबंधीच्या १८५९ च्या तेराव्या कायद्याप्रमाणे, आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास वा मजुरास दंडाधिकारी कामावर परतण्याचा हुकूम देऊ शके आणि तो न पाळल्यास तुरुंगात धाडू शके. करार मोडण्याचा दोष मालकाकडे असला तर त्याला मात्र तुरुंग नव्हता. हा कायदा रद्द होण्यास १९२५ साल उजाडावे लागले. आसामच्या चहामळ्यांत तर पळून जाणाऱ्या मजुराला स्वतः पकडण्याचा अधिकार मळेवाल्यांना १८६५ च्या कायद्याने मिळाला होता. काम सोडणे हा दीर्घकाळ गुन्हा होता, हे विसरून सोडण्याच्या नीतीची चर्चा करणे म्हणजे बंद दारासमोर शिष्टाचाराचे पाठ देण्यासारखे होय.

दार उघडे असेल तरच निरोपाला नैतिक अर्थ येतो. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २७ ने कायदेशीर धंदा वा व्यवसाय करण्यापासून कोणालाही रोखणारा करार त्या मर्यादेपुरता निरर्थक ठरवला आहे; भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली आहे. कायद्याने मनुष्याला जाण्याची मोकळीक दिली. पण कायदा येथवरच येतो. नोटिशीची मुदत किती, हे तो सांगू शकतो. त्या मुदतीत माणसाने कसे वागावे, हे सांगणे त्याच्या आवाक्यातले नाही. मिठाचे बंधन गेले आणि तुरुंगाचे भय गेले, की जे उरते तेच खऱ्या अर्थाने सोडून जाणाऱ्याचे कर्तव्य.

या कर्तव्याचे स्वरूप पाहण्यास पुण्यातील एका संस्थेचा इतिहास फार बोलका आहे. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये निघाले, ‘केसरी’ १८८१ मध्ये सुरू झाला, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये आणि फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये स्थापन झाले. अल्प वेतनावर आयुष्य वाहून घेणाऱ्या तरुणांच्या या मंडळातून पुढील पंधरा-वीस वर्षांत तीन मोठी माणसे तीन प्रकारे बाहेर पडली. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकपद सोडले. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर आपली मते आणि पत्राचे धोरण यांचा मेळ बसत नाही, हे कारण उघड होते. सोडल्यावर त्यांनी ‘केसरी’ आतून पोखरला नाही की आपली लेखणी म्यान केली नाही. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून त्यांनी आपले म्हणणे आपल्या घरातून मांडले. पुढे दोन्ही पत्रांत कडाक्याचे वाद झाले, पण ते उघड्यावर झाले.

बाळ गंगाधर टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडली. आजीव सदस्याने आपला सर्व वेळ आणि शक्ती संस्थेलाच द्यावी, बाहेरची कामे व प्राप्ती यांना त्यात वाव असू नये, असा त्यांचा आग्रह होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा हा वाद विकोपाला गेला. टिळकांनी राजीनाम्यासोबत आपल्या भूमिकेचे सविस्तर निवेदन संस्थेला सादर केले. त्यात गोडवा नाही. मतभेदाचा सारा इतिहास कलमवार मांडलेला आहे आणि ज्या कामाला आयुष्याचे ध्येय मानले ते सोडावे लागत असल्याचे दुःखही आहे. आजच्या व्यवहारचतुर माणसाला हा निरोप बिघडलेला वाटेल. एका ओळीत ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहिले असते तर संबंध गोड राहिले असते, असे तो म्हणेल.

गोखले त्याच संस्थेतून १९०२ मध्ये निवृत्त झाले. त्यांचे निरोपाचे भाषण प्रसिद्ध आहे. समुद्रकाठी सुखाने नांदणाऱ्या आणि तरीही समुद्राची ओढ न आवरणाऱ्या माणसाची गोष्ट त्यांनी त्यात सांगितली. महाविद्यालयाची शांत भूमी सोडून सार्वजनिक जीवनाच्या बेभरवशाच्या पाण्यात आपण का उतरत आहोत, याचा तो खुलासा होता. संस्थेने आपल्याला काय दिले, हे त्यांनी कृतज्ञतेने सांगितले.

या निरोपांची तुलना करताना गोखल्यांचा निरोप चांगला आणि टिळकांचा वाईट असा निकाल देण्याचा मोह होतो. तो निकाल उथळ ठरेल. गोखले कार्यकाळ पुरा करून, भांडण नसताना गेले. त्यांना सौम्य राहणे शक्य होते आणि ते सौम्य राहिले. टिळक तत्त्वाच्या भांडणातून गेले. त्यांनी गोड शब्द लिहिले असते तर ते असत्य ठरले असते. निरोपाची कसोटी शब्दांच्या माधुर्यात शोधू नये. ज्याला कारण कळण्याचा अधिकार आहे त्याला कारण खरे सांगितले काय, आणि आपण गेल्यावर मागे राहिलेले काम उभे राहू शकेल असे वागलो काय, या दोन प्रश्नांत ती आहे. या कसोटीवर तिघेही उतरतात. आगरकरांनी वृत्तपत्र सोडले आणि संस्था राखली. टिळकांनी संस्था सोडली आणि वृत्तपत्र राखले. फर्ग्युसन महाविद्यालय चालत राहिले, १८९२ मध्ये आगरकर त्याचे प्राचार्य झाले. ‘केसरी’ही चालत राहिला. १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा ‘केसरी’त टिळकांनीच मृत्युलेख लिहून जुन्या सहकाऱ्याच्या थोरवीची कबुली दिली. चांगल्या संबंधांचा अर्थ भांडण न होणे असा घेतला, तर हे उदाहरण बाद ठरेल. भांडणानंतरही परस्परांविषयी खरे बोलता येणे असा घेतला, तर याहून चांगले उदाहरण शोधणे कठीण आहे.

स्वतंत्र भारतात याच कसोटीचा आणखी एक प्रसंग घडला. चिंतामणराव देशमुखांनी जुलै १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याचा निर्णय, तो घेण्याची रीत आणि मुंबईतील गोळीबार यांविषयीचे आपले आक्षेप त्यांनी लोकसभेत स्पष्टपणे मांडले. पंतप्रधानांनाही वगळले नाही. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. ज्या सरकारवर इतकी जाहीर टीका केली त्याच्याच काळात दुसरे सार्वजनिक काम त्यांच्याकडे आले, यात दोन्ही बाजूंचे मोठेपण दिसते. जाणाऱ्याने मतभेदाला वैर होऊ दिले नाही आणि राहणाऱ्यांनी टीकेला द्रोह मानले नाही. गोड निरोपापेक्षा खरा निरोप पुढचे दार अधिक काळ उघडे ठेवतो, असे यावरून म्हणावेसे वाटते.

मात्र येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. ही सर्व उदाहरणे मानाने बसवलेल्या माणसांची आहेत. ज्याला मुळात बसायला जागाच दिली गेली नाही, त्याने उठताना कोणता शिष्टाचार पाळावा? डॉ. भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. संस्थानने त्यांच्या परदेशी शिक्षणाचा खर्च केला होता आणि करारान्वये तेथे नोकरी करणे त्यांना बंधनकारक होते. म्हणजे ऋण होते आणि ते त्यांनी मानले होते. परंतु त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून घेतलेला आसराही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने हिरावला. निवाऱ्यासाठी वणवण करून, एका सार्वजनिक बागेत काही तास काढून ते मुंबईच्या गाडीत बसले. हा निरोप कोणाच्या खाती लिहायचा? येथे कामाचा हवाला देणे, मुदत पाळणे, कारण सांगणे हे सारे शब्द निरर्थक होतात. निरोप बिघडला तो जाणाऱ्यामुळे नव्हे. ज्या समाजाने त्याचे येणेच स्वीकारले नव्हते, त्या समाजामुळे.

या प्रसंगाने वरचा विचार मोडत नाही, त्याची दुसरी बाजू पुरी होते. चांगले सोडून जाणे हे एकट्या जाणाऱ्याच्या हातात नसते. राजीनाम्याला कबुलायत लागते, तसे निरोपाला संस्थेचे शील लागते. पगार अडवणारा, दाखल्यासाठी खेटे घालायला लावणारा, जाणाऱ्याच्या नावाने मागे राहिलेल्यांना धाक घालणारा मालक हा मिठाच्या जुन्या कल्पनेतच जगत असतो. फक्त त्याला आता तुरुंगाचा आधार उरलेला नाही. अशा मालकापुढे नमते बोलण्याचे कर्तव्य कोणावरही येत नाही. प्राध्यापकाकडून जी अपेक्षा करता येते, ती दोन महिन्यांची मजुरी थकलेल्या बांधकाम मजुराकडून करता येणार नाही. कर्तव्याचे माप स्वातंत्र्याच्या मापाने ठरते.

तरीही एक देणे असे आहे, जे वाईट मालकामुळेही फिटत नाही, कारण ते मालकाचे नसतेच. शिक्षक सत्राच्या मध्यावर शाळा सोडतो, तेव्हा व्यवस्थापन अडचणीत येते ते पुढच्या जाहिरातीपुरते. खरी अडचण त्या वर्गाची असते, ज्याचा अर्धा अभ्यासक्रम झाला आहे आणि पुढचा कोणी जाणत नाही. कचेरीतला कारकून फायलींचा माग न सांगता निघून जातो, तेव्हा साहेबाचे फारसे बिघडत नाही. निवृत्तिवेतनासाठी तिष्ठत बसलेल्या विधवेचा अर्ज हरवतो. रुग्णालयातील परिचारिका पुढच्या पाळीला रुग्णाची हकीकत देते ती रुग्णालयाच्या मालकाखातर देत नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या माथी दुप्पट काम येते, तोही मालक नसतो. मालकाविषयीच्या रागात ही सर्व माणसे दिसेनाशी होतात आणि सूड चुकीच्या पत्त्यावर पोहोचतो. निष्ठेची जुनी कल्पना वरच्या दिशेने पाहत असे, धन्याकडे. स्वतंत्र माणसाची निष्ठा आजूबाजूला आणि मागे पाहते: सोबत्यांकडे, आपल्या जागी येणाऱ्या अनोळखी माणसाकडे, आणि ज्यांच्यासाठी ते काम मुळात होते त्यांच्याकडे.

एकाच संस्थेत आयुष्य काढणे ही आता सर्वांची रीत राहिलेली नाही. १९९१ नंतरच्या अर्थव्यवस्थेत नोकरी बदलणे अनेकांच्या आयुष्यात वारंवार घडते आणि निरोप ही अपवादाची घटना न राहता कामाचाच भाग झाली आहे. जे वारंवार करावे लागते ते यांत्रिक होण्याचा धोका असतो; छापील मजकुराची पत्रे आणि ठराविक निरोपसमारंभ हे त्याचेच चिन्ह. तेथे हार असतात, भाषणे असतात, जाणाऱ्याची स्तुती असते. त्याच्या टेबलाच्या खणात मात्र अपुऱ्या कामाचा ढीग तसाच असतो. अशा समारंभापेक्षा, न बोलता चार दिवस बसून नव्या माणसाला सारे नीट समजावून देणारा आणि अखेर किल्ली हाती ठेवून निघणारा मनुष्य अधिक चांगला निरोप घेतो.

जमीन सोडणारा शहाणा शेतकरी बांध फोडून जात नाही, विहीर बुजवून जात नाही. त्याचे सावकाराशी भांडण असेल, सरकारशी असेल. जमिनीशी नसते आणि उद्या तेथे नांगर धरणाऱ्याशी तर नसतेच. कोणत्या वाफ्यात पाणी साचते आणि कोठे खडक वर येतो, हे तो त्याला सांगतो. त्याने लिहून दिलेल्या कागदाला राजीनामा हे नाव शोभते, मग तो जाताना हसत असो वा नसो.