पूर्वीसारखी बाग

मार्च उजाडला की ब्रिटनमध्ये ‘बीबीसी टू’वर ‘गार्डनर्स वर्ल्ड’ या बागकामाच्या कार्यक्रमाचा नवा हंगाम सुरू होतो, आणि त्याच्या पाठोपाठ कुरबुरही. कुत्रा का दिसला नाही? एवढ्याशा अंगणवाल्यांनी काय करायचं? आणि सगळ्यांत जुनी, तणासारखी दरवर्षी न चुकता उगवणारी तक्रार: कार्यक्रम आता पूर्वीसारखा राहिला नाही.

पूर्वीसारखा म्हणजे कधीसारखा? 1968 साली ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातून तो सुरू झाला. सूत्रसंचालक पर्सी थ्रोअर यांनी एका रसायन कंपनीच्या जाहिराती केल्या म्हणून 1976 मध्ये त्यांना नारळ मिळाला. जेफ हॅमिल्टन यांनी बार्न्सडेलची बाग घराघरांत पोचवली. 1996 मध्ये ते अचानक गेले आणि अ‍ॅलन टिचमार्श यांच्याबरोबर कार्यक्रम हॅम्पशायरला निघाला. मग माँटी डॉन आले. 2008 मध्ये आजारपणामुळे ते बाजूला झाले, टोबी बकलँड आले, बाग बर्मिंगहॅमला गेली. 2011 मध्ये डॉन परतले ते हेरफर्डशायरमधली स्वतःची लाँगमेडो ही बाग घेऊनच. माणसं बदलली, माती बदलली. टिकलं ते नाव.

सगळं बदलूनही कार्यक्रम तोच का, हे कोडं मिलिंद राजाला ओळखीचं वाटलं असतं. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन त्याला एका आंबेचोराची गोष्ट सांगतात. पकडला गेल्यावर चोर म्हणतो, या बागवानानं लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे. युक्तिवाद तसा बिनतोड आहे. जमिनीत पुरलेली कोय केव्हाच कुजून गेली. फांदीवरचा आंबा म्हणजे ती कोय नव्हे. तरीही चोराला शिक्षा व्हायला हवी हे राजाला मान्य करावं लागतं, कारण दुसरे आंबे पहिल्यांमुळेच आले. तेच नाहीत, पण परकेही नाहीत. आत्मा न मानता पुनर्जन्म आणि कर्म कसं चालतं, हे नागसेनांना त्यातून पटवायचं होतं.

या हिशेबानं ‘गार्डनर्स वर्ल्ड’ एकच ठरतो. हॅमिल्टन यांनी दलदलीतून उपसलेली पीट-माती वापरणं सोडलं. डॉन आज तेच ठणकावून सांगतात. भागाच्या शेवटी शनिवार-रविवारची कामं नेमून द्यायची रीतही चालू आहे. कोय गेली, आंबे येताहेत.

पण लाँगमेडोतल्या बॉक्सच्या झुडपांचं काय? इंग्रजी बागांना रेखीवपणा देणारं, बारीक पानांचं, कातरून हवं तसं घडवता येणारं हे झुडूप. त्यावर बुरशीचा रोग पडतो. आधी पानांवर तपकिरी डाग, कोवळ्या काड्यांवर काळ्या रेघा, मग पानगळ. झुडूप जागोजागी उघडं पडू लागतं. ओल असली आणि वारा आत शिरेनासा झाला की रोग फोफावतो. वारंवार कातरल्यानं झुडूप दाट होतं, म्हणजे ज्या घोटीवपणाचं कौतुक तोच बुरशीच्या पथ्यावर पडतो. डॉन यांनी बॉक्सची कुंपणं उपटून काढली. वर्षानुवर्षं ती पडद्यावर पाहिलेल्या माणसाला तिथं दुसरं काही लावलेलं दिसलं, म्हणून त्याचं समाधान व्हावं अशी अपेक्षा जरा कोरडीच.

डॉन यांच्या नायजेल या कुत्र्याच्या बाबतीत तर ती टिकतच नाही. 2020 मध्ये तो गेला तेव्हा त्याला कधी हातही न लावलेली माणसं हळहळली. पुढे आलेला नेडही गोल्डन रिट्रीव्हरच, तसाच सोनेरी, तसाच डॉन यांच्या पायांत घुटमळणारा. तरी नेड म्हणजे नायजेल नव्हे, हे सांगायला कुणा भिक्खूची गरज पडली नाही.

नागसेनांची गोष्ट जबाबदारीची आहे, आणि तिथं ती चपखल बसते. केलेलं कुणाला फेडावं लागतं याचं उत्तर अखंड धाग्यानं देता येतं. गेलेल्याबद्दल काय वाटतं याचं नाही. दुःख त्या एका झाडाचं, त्या एका कुत्र्याचं असतं, परंपरेचं नसतं. आसक्तीच सोडा, असं कदाचित नागसेन म्हणाले असते. पण झाडाची आसक्ती नसलेला माणूस फेब्रुवारीच्या गारठ्यात गुलाब छाटायला बाहेर पडेल कशाला? मिलिंदानं चोराची बाजू तपासली. ज्याचे आंबे गेले त्या बागवानाला जुन्या झाडाचं काय वाटत होतं, हे मात्र राजानं विचारलंच नाही.